आईच्या बाजूची पिवळी रेघ

शेवटच्या रविवारी बाबा माझ्यावर एकदाच करवादले, आणि तेही मी टेप तिरकी धरली म्हणून.

"प्रूफबाई, पुस्तकात खपत असेल असलं. इथे नाही."

मी टेप सरळ केली. पुस्तकातही असलं खपत नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झालं होतं. मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते आणि घरी येऊन फुकट काढते, अशी माझी ओळख बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला करून देत.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रक उभा होता. गोल नाकाचा, जुना, पाठीवर लाकडी फळ्यांचा हौदा. बाबांनी आणला तेव्हा तो गंजलेला सांगाडा होता, आणि घरात एक म्हातारा पुरत नव्हता का, असं आईने विचारलं होतं. नोकरीतून सुटल्यापासून बाबांचे सगळे दिवस त्या सांगाड्यात गेले. बाहेरून तो होता तसाच राहिला, आतून मात्र त्यांनी त्याला नव्याने जन्माला घातलं. पुढचे जाड पाटे काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवल्या. प्रत्येक स्प्रिंगखाली आट्यांवर फिरणारी एक लोखंडी कडी होती. ती वर फिरवली की ट्रकचा तो कोपरा उचलला जाई, खाली उतरवली की बसे. जुना ट्रक नाक वर करून चालायचा. बाबांना तो जमिनीलगत, खाली मान घालून चालणारा हवा होता.

त्या रविवारी ट्रकचं शेवटचं काम होतं. उंची बांधायची आणि मग पुढच्या चाकांची तोंडं सरळ करायची. क्रम हाच. उंची हलली की चाकांचं माप बिघडतं, आणि सगळं पुन्हा करावं लागतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की बाबांनी "आधी उंची" म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप "मग चाकं" निघायचं.

रिकाम्या ट्रकवर माप घ्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. माणसं बसली की स्प्रिंगा दबतात, तेव्हा माप माणसं धरूनच घ्यायचं. तासन् तास सीटवर कोण बसणार, म्हणून ते पाण्याने भरलेले कॅन ठेवत. चालकाच्या जागी स्वतःच्या वजनाचे, शेजारी आईच्या. त्या शेजारच्या बाजूला आमच्या घरात 'आईची बाजू' म्हणत. आईच्या बाजूला कॅन किती ठेवायचे यावरून एकदा घरात अबोला झाला होता. शेवटी बाबांनी तिच्यासमोर एक कॅन उतरवला आणि ती आत गेल्यावर परत चढवला.

पुढची चाकं ग्रीस लावलेल्या दुहेरी पत्र्यांवर होती, म्हणजे ती जागच्या जागी हलकी फिरावीत. ट्रकच्या दोन्ही अंगांना बाबांनी गवंड्याची दोरी ताणली. दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंतचं माप, मग मागच्या कडेपर्यंतचं. पुढची कड केसभर आत हवी. मी माप वाचायचं, त्यांनी खाली पडून पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा नट थोडासा फिरवायचा, मग बंपर दाबून ट्रकला दोन हेलकावे द्यायचे, आणि पुन्हा माप. दुपार कलेपर्यंत हेच चाललं. मोठा कंटाळवाणा प्रकार, असं कुणालाही वाटलं असतं.

जुळल्यावर त्यांनी पिवळ्या रंगाच्या डब्यात करंगळी बुडवली आणि घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर, दोन्ही कड्यांवर, एकेक रेघ ओढली. अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट पुढे कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. ही त्यांची सही होती.

"झाला तुझा रविवार फुकट," ते हात पुसत म्हणाले.

"असू दे. जेवायला यायचंच होतं."

हे आमचं दर आठवड्याचं बोलणं. मी जेवले, डबा घेतला. निघताना शेडच्या दारात ते ट्रककडे बघत उभे होते.

"कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणाले. आमच्या घरात कौतुक याच्या वर कधी गेलं नाही.

सोमवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला ते खुर्चीत वाकले आणि तसेच राहिले. आई शेजारच्या खोलीतून बराच वेळ त्यांच्याशी बोलत होती.

*

त्यानंतर शेड बंद होती. मी रविवारी जात राहिले. आई आणि मी जेवायचो, ताटं धुवायचो, आणि मागच्या खिडकीकडे न बघता बसायचो. एका रविवारी आई म्हणाली की तिला ट्रकमधून बहिणीकडे जायचंय. पहिली फेरी मावशीकडे, असं त्यांनी कबूल केलं होतं. ते गेले म्हणून मी काय इथेच बसायचं का, असं तिने मला विचारलं. रागानेच विचारलं, आणि मला बरं वाटलं.

म्हणून काडीकाकांना बोलावलं. बाबा आणि ते तरुणपणी एकाच कारखान्यात होते, आणि तेव्हा ते खरोखर काडीसारखे होते. आता त्यांच्या खाली मोडा ठेवताना आई आधी त्याचे पाय तपासते, पण नाव तेच राहिलं. काकांनी ट्रक गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत नेला आणि परत आणला. उतरले तेव्हा माझ्याकडे बघेनात.

ट्रक ओढत होता, आईच्या बाजूला. सरळ जायचं तर स्टेअरिंग वाकडं धरावं लागत होतं. काकांनी जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावली. आईची बाजू दोन बोटं खाली होती. स्प्रिंग बसली असेल, ते म्हणाले. आता कडी फिरवून उंची सारखी करू आणि चाकांचं माप नव्याने घेऊ. त्यांनी शर्ट काढून खिळ्याला टांगला, कण्हत ट्रकखाली सरकले आणि आधी सैल करून ठेवावा म्हणून दांड्याच्या नटाला पाना लावला.

"काका, नको."

"काय नको?"

"तो नट नका उघडू. त्यावर त्यांची रेघ आहे."

काका खालीच पडून राहिले. फक्त पाय दिसत होते. मग ते म्हणाले की रेघ रंगाची असते, पाहिजे तर पुन्हा ओढता येते. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण या घरात बाबांचा हात शेवटचा जिथे लागला होता, तशा जागा राहिल्याच नव्हत्या. कपबशा धुतल्या गेल्या होत्या. बूट आईने पुसून देऊन टाकले होते. नटावरची ती करंगळीची रेघ कुणी पुसली नव्हती. पाना अर्धा वळसा फिरला असता तर तीही गेली असती, आणि त्यानंतर तो ट्रक काडीकाकांनी जुळवलेला झाला असता.

हे मी काकांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की माप चुकलेलं असूच शकत नाही, टेप मी स्वतः धरली होती आणि दोन्ही बाजू सारख्या होत्या.

काका बाहेर आले. ग्रीस त्यांच्या टकलाला लागलं होतं. "मग तुझ्या मावशीकडे हे असं वाकडं तोंड घेऊन जायचं? एक लक्षात ठेव पोरी. चुकलेलं माप जपून ठेवतेस हे तुझ्या बापाने बघितलं असतं, तर पाना फेकून मारला असता."

"चुकलेलं नाही."

"नवी कोरी स्प्रिंग अशी बसत नाही, हे मलाही कळतं. पण गाडी काय खोटं बोलते?"

मी टॉर्च घेतला आणि आईच्या बाजूच्या चाकामागे डोकं घातलं. कडीवर पिवळी रेघ होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी वरच्या लोखंडावर, आणि दोन्हींच्या मध्ये आट्यांचा चकचकीत पट्टा उघडा पडलेला. दुसऱ्या बाजूचे आटे धुळीने काळपट होते. कडी आपोआप उतरत नाही. कुणीतरी ती पान्याने खाली फिरवली होती.

"काका, तुम्ही हिला हात लावलात?"

विचारताक्षणीच कळलं की विचारायला नको होतं. काकांनी खिळ्यावरचा शर्ट काढला आणि घातला. बटणं चुकीची लागली. ते म्हणाले की त्याच्या ट्रकला त्याच्या माघारी हात लावायची हिंमत त्यांच्यात तो जिवंत असताना नव्हती, आता कुठून येणार. आणि दाराकडे निघाले.

दारात आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. त्यांना बाहेर पडायला तिने जागा दिली नाही.

"भावजी, चहा घ्या. बटणं नीट लावा आधी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? कसला हात?"

मी सांगितलं. तिच्या बाजूची कडी कुणीतरी खाली फिरवली आहे, म्हणून ट्रक त्या अंगाला झुकतो आणि ओढतो.

"ती होय," आई म्हणाली. "ती त्यांनीच फिरवली."

आईने ट्रे बोनेटवर ठेवला. बाबा असते तर तिथे कधी ठेवू दिला नसता.

त्या शेवटच्या रविवारी मी गेल्यावर संध्याकाळी बाबांनी तिला शेडमध्ये बोलावलं होतं, बसून बघ म्हणून. तिचा गुडघा दुखरा. पायरीवर पाय पोचेना, हाताला धरून चढावं लागलं. ती म्हणाली की असू द्या, मला काय रोज बसायचंय. त्यांनी ऐकलं नाही. तिला उतरवलं, जॅक लावला, कडी जराशी खाली घेतली, परत चढ म्हणाले. पुन्हा उतर, पुन्हा चढ. पाय आपला आपण पोचला तेव्हा थांबले.

"मी म्हटलं, अहो, एकाच बाजूने बसली की ही. तर म्हणाले, दुसरी बाजू उद्या उतरवतो. मग चाकांचं सगळं पुन्हा करायला लागेल."

"आणि तू हे आत्ता सांगतेस?"

"मला कुणी विचारलं?" आई म्हणाली. "तुम्ही दोघं आल्यापासून बापाच्या मापावरून भांडताय. माझ्या पायाचं माप मला विचारलंत का?"

काका मोड्यावर टेकले आणि हसायला लागले. हसताना मोडा करकरला. म्हणजे गड्याने उंची आणि चाकं दोन्ही बांधून झाल्यावर उंची हलवली, ते म्हणाले. आयुष्यभर जे करू नका म्हणून आम्हाला शिव्या घातल्या, तेच केलं. बायकोच्या गुडघ्यासाठी.

आईने आम्हा दोघांच्या हातात कप दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी म्हटलं, परत सगळं करायचं म्हणजे पोरीला पुन्हा दोरी धरायला यावं लागेल. तर हसले. म्हणाले, बरंच झालं, पुढच्या रविवारचंही निमित्त झालं."

मी कप खाली ठेवला. चहा गरम होता.

*

काकांचं म्हणणं होतं की आईची बाजू परत वर उचलावी. सोपं काम, मापही माहीत असलेलं. दोन्ही बाजू खाली घेतल्या तर वळताना टायर मडगार्डला घासायची भीती, आणि चाकांचं मापही अगदी पहिल्यापासून.

"नाही," मी म्हणाले. "दुसरी बाजू खाली घ्यायची. ते तसंच करणार होते."

"मग रेघा जाणार सगळ्या."

"जाऊ देत."

चालकाच्या बाजूची कडी मी स्वतः फिरवली. आकड्याचा पाना लावून ओढताना ती आधी हलेचना. मग एकदम सुटली आणि पिवळी रेघ दोन तुकड्यांत सरकली. काही वाटायच्या आत पुढचा वळसा घ्यावा लागला, हे एका परीने ठीक झालं.

काकांनी कोपऱ्यातले कॅन भरून आणले. चालकाच्या जागी त्यांनी ते नेहमीसारखे रचले, न विचारता, बाबांच्या वजनाचे. ते काम त्यांच्या हातांना पाठ होतं. मी त्यांतला एक उचलून खाली घेतला.

"चालवणार मी आहे, काका."

मी कॅन दारापर्यंत नेला आणि झाकण काढून पाणी ओतलं. ते फरशीच्या उतारावरून वाहत गेलं आणि भिंतीकडेच्या मातीत जिरलं. अजून थोडं जास्त होतं, म्हणून दुसऱ्यातलंही काढलं. चालकाच्या जागी आता माझ्याएवढंच पाणी उरलं.

आईच्या बाजूला काका एक कॅन कमी ठेवून अदबीने थांबले.

"तो पण ठेवा भावजी," आई म्हणाली. "गाडीपुढे कसली लाज."

"वहिनी, हे तो असताना कबूल केलं असतंत तर किती कष्ट वाचले असते. मागून गुपचूप चढवायचा बिचारा."

"मला काय माहीत नव्हतं?"

दोरी ताणली. आता पाना काकांकडे होता. मी माप वाचायची, ते दांडा फिरवायचे, मी बंपर दाबून हेलकावे द्यायची. काकांना घाई होती. जुळल्यासारखं दिसलं की "झालं" म्हणायचे, आणि मी "नाही" म्हणायची. आईच्या बाजूच्या चाकाचं तोंड खरोखरच बाहेर गेलं होतं, टायर काही दिवसांत खाल्ला गेला असता. ते हळूहळू आत आलं. चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितली. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माझी बोटं सहज जात होती. एकदा काका खालून म्हणाले की तू तुझ्या बापापेक्षा छळवादी आहेस. मी त्यांना टेपेवरचा आकडा पुन्हा वाचून दाखवला.

जुळलं तेव्हा काकांनी पिवळ्या रंगाचा डबा शोधून माझ्यासमोर धरला. वर साय धरली होती. ती काडीने बाजूला केली आणि मी करंगळी बुडवली. बाबांच्या रेघा बारीक आणि सरळ असत. माझी पहिली जाड आली आणि खाली ओघळली. दांड्याच्या नटावर त्यांच्या रेघेचा अर्धा तुकडा आता वेगळ्याच जागी होता. तो मी पुसला नाही. आईच्या बाजूच्या कडीला मात्र पान्याची गरजच पडली नव्हती. ती त्यांनी ठेवली होती तिथेच होती. तिच्यावर मी फक्त नवी रेघ ओढली, त्यांच्या मापावर.

काका पुढच्या कामाचं निमित्त सांगून मागेच थांबले. शिवाय मापात त्यांच्याएवढं वजन धरलेलं नाही, असं म्हणाले. मावशीकडे निघायला सीटवरचे कॅन उतरवले, तशी आईने साडीचा काठ उचलला, पाय पायरीवर ठेवला आणि कुणाचा हात न धरता चढून बसली. एवढंच करून दाखवायचं होतं, अशा थाटात तिने समोर बघितलं.

गल्लीतून मी जपून नेला. ट्रक जमिनीलगत होता, दुकानांच्या पायऱ्या खिडकीतून अगदी जवळ दिसत होत्या. सायकल पुसणारा एक माणूस फडकं हातात धरून आम्ही वळेपर्यंत बघत राहिला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला. स्टेअरिंग हातात सरळ होतं. गोदामांच्या पुढे रस्ता लांबवर मोकळा दिसला, तेव्हा बोटं सैल केली, मग तळवे उचलले. आईने तिरक्या नजरेने माझ्या हातांकडे पाहिलं. ट्रक इकडे झुकला नाही, तिकडे झुकला नाही. गोल नाकाच्या पुढे रस्ता येत राहिला आणि आम्ही त्याच्या मधोमध जात राहिलो.

मी हात परत ठेवले.

"बरी आहे," आई म्हणाली. थोड्या वेळाने मागच्या आरशात बघत, सहज बोलल्यासारखं ती पुढे म्हणाली, "तुझा मात्र सगळा रविवार गेला यात."

'असू दे, जेवायला यायचंच होतं' हे जिभेवर तयारच होतं. इतक्या वर्षांची सवय. आईला ते खरं वाटलं असतं की नाही कोण जाणे. मी ते गिळलं. मावशीच्या घराकडे जाणारं वळण अजून दूर होतं, आणि रस्ता सरळ होता.

"फुकट नाही गेला, बाबा," मी म्हणाले, मोठ्याने, इंजिनाच्या आवाजाच्या वर. "एकही रविवार फुकट गेला नाही. जेवण हे माझं निमित्त होतं. मी तुमच्याकडे यायचे."